उल्हास नदीखोरे : पाणलोट आणि पाण्याची प्रत

उल्हास ही ठाणे जिल्ह्याची मुख्य नदी. राजमाचीच्या डोंगररांगेत उगम पावून कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर अशी उतरत ती कल्याणपाशी खाडीच्या पाण्याला मिळते. लांबी सुमारे १२२ किमी. बारवी, काळू, भातसा आणि वालधुनी या जिल्ह्यातल्या ठळक उपनद्या. कल्याणच्या खाली मुख्य प्रवाह वसईच्या खाडीकडे जातो, तर एक अरुंद फाटा ठाण्याच्या खाडीला जोडलेला आहे.

उन्हाळी पाणी कोणाचे? सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात पाणी फार मुरत नाही. पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारे ओढे जानेवारी-फेब्रुवारीत आटतात. तरीही उल्हास मे महिन्यात वाहती असते, कारण ते पाणी बव्हंशी बाहेरून आलेले किंवा साठवून सोडलेले असते. मावळातल्या ठोकळवाडी धरणाचे, म्हणजे मुळात भीमेच्या खोऱ्यातले पाणी १९२२ पासून भिवपुरीच्या वीजकेंद्रावर उतरवले जाते आणि त्याचे अवजल, म्हणजे वीज करून झाल्यावर सोडलेले पाणी, उल्हासेत येते. औद्योगिक विकास महामंडळाच्या (एमआयडीसी) बारवी धरणातले पाणीही नदीपात्रातूनच वाहत जांभूळच्या उपशापर्यंत, म्हणजे पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत, पोहोचते. ही आवर्तने कमी झाली की सांडपाणी तेवढेच राहते आणि त्याला पातळ करणारे पाणी घटते. त्यामुळे नदीची प्रत बिघडली की कारखान्यांइतकेच लक्ष विसर्गाच्या नोंदींकडेही द्यावे लागते.

माथ्यावरची कामे. ‘माथा ते पायथा’, म्हणजे डोंगरमाथ्यापासून खाली पाणी अडवत येणे, हे सूत्र इथेही लागू आहे, पण देशावरचा आराखडा उचलून कोकणात वापरता येत नाही. तीव्र उतारावर सलग समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीतले लांब खड्डे) खोदले तर जुलैच्या संततधारेत ते तुडुंब भरतात, माती भिजून सुटते आणि दरड सरकते. अशा जागी तुटक चर, ओघळीत अनघड दगडी बांध आणि मुख्य म्हणजे शाबूत जंगल उपयोगी पडते. वनराई बंधारा पाऊस ओसरल्यावर, प्रवाह चालू असतानाच घालायचा. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून त्या विटांसारखे सांधे मोडत रचतात आणि मध्ये चिकणमाती ठासतात. तळ खडकापर्यंत साफ केला नाही तर पाणी बंधाऱ्याखालून निघून जाते. बहुतेक बंधारे फसतात ते इथेच. या कामांनी पाड्यांच्या विहिरींना आधार मिळतो, गाळ अडतो; बदलापूरच्या खालचे मे महिन्यातले पाणी मात्र त्यांनी सुधारत नाही.

उपसा कुठे, सांडपाणी कुठे. या खोऱ्याची खरी अडचण क्रमाची आहे. बदलापूर, जांभूळ, मोहने-शहाड या पट्ट्यात पिण्याच्या पाण्याचे उपसे आहेत आणि कर्जतपासूनच्या वस्त्यांचे सांडपाणी त्यांच्या वरच्या बाजूला नदीत येते. अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून जाणारी वालधुनी अधिक काळी असली तरी ती मोहन्याच्या खाली मिळते. तिचा मार खाडी खाते. उल्हासनगरचा खेमाणी नाला वालधुनीइतका बदनाम नाही, पण तो उपशाच्या वर येतो. म्हणूनच तो अडवून वळवण्याचे काम हाती घ्यावे लागले.

हिशेब साधा आहे. माणशी दिवसाला १३५ लिटर पुरवठा धरला आणि त्याचे ८० टक्के सांडपाणी झाले, तर एक लाख वस्तीमागे रोज सुमारे १.०८ कोटी लिटर सांडपाणी तयार होते. त्याची जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी, म्हणजेच बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू खर्चतात तो ऑक्सिजन), लिटरला २५० मिलिग्रॅम आणि नदीची २ धरू. मिश्रण ३ या मर्यादेत ठेवायला एक लिटर कच्च्या सांडपाण्यामागे जवळपास २४७ लिटर नदीचे पाणी लागते. प्रक्रियेने बीओडी ३० वर आणला तर २७ लिटर आणि १० वर आणला तर ७ लिटर पुरते. उन्हाळ्यात २४७ पट पाणी कुठल्याच नाल्यासमोर नसते.

नाला अडवून त्याचे पाणी पंपाने सांडपाणी प्रक्रिया केंद्राकडे नेताना तीन गोष्टी नेहमी बिघडतात. जाळीवर प्लास्टिक बसते. वीज गेली की पाणी बांधावरून थेट नदीत पडते. आणि पंप कोरड्या दिवसांच्या प्रवाहापुरता असल्याने जूनपासून तो नावालाच उरतो. त्याआधी पात्रात साचलेला काळा गाळ पहिल्या जोरदार सरीत उसळतो, विरघळलेला ऑक्सिजन खाली येतो आणि मासे वर तरंगतात. त्यामुळे नाल्यातला गाळ मेअखेरपूर्वी काढून पूररेषेबाहेर न्यावा लागतो.

नमुना घेणे. बाटलीचे तोंड प्रवाह येतो त्या बाजूला धरून पृष्ठभागाखाली सुमारे ३० सेंमीवर नमुना घेतात. काठावरचे पाणी घेत नाहीत. ऑक्सिजन तपासण्याच्या ३०० मिलि बाटलीत बुडबुडा राहू देत नाहीत आणि मँगनीज सल्फेट व अल्कली आयोडाइड-अझाइड जागेवरच घालतात. साका (तळाशी बसणारा गाळ) तपकिरी आला तर ऑक्सिजन आहे, पांढरा आला तर नाही. वालधुनीच्या काठावर हा निकाल प्रयोगशाळेत जाण्याआधीच कळतो. जिवाणूंचा नमुना निर्जंतुक बाटलीत, बर्फात ठेवून २४ तासांच्या आत तपासायला हवा. बीओडीची चाचणी आपल्याकडे २७ अंश सेल्सियसवर ३ दिवस चालते. दुपारी घेतलेला एकच नमुना फसवा असतो: शेवाळामुळे दुपारी ऑक्सिजन फुगतो आणि पहाटे कोसळतो. टँकरने चोरून होणारा विसर्गही रात्रीचाच, म्हणून नाल्याच्या तोंडाशी २४ तासांचा मिश्र नमुना (ठरावीक वेळाने घेतलेले नमुने एकत्र करून) घ्यावा.

जलशुद्धीकरण केंद्रात सर्वांत आधी टोचतो तो सांडपाण्यातून आलेला अमोनिया. १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे तत्त्वतः ७.६ आणि प्रत्यक्षात १० मिलिग्रॅमपर्यंत क्लोरीन खर्ची पडते. मात्रा तेवढी वाढवली नाही तर शिल्लक क्लोरीन फसवी दिसते, कारण ती अमोनियाशी बांधलेली, कमी प्रभावी असते. वाढवली तर सेंद्रिय पदार्थांशी संयोग होऊन ट्रायहॅलोमिथेन ही अपायकारक संयुगे तयार होतात.

जलपर्णी. बंधाऱ्यांमागचे संथ पाणी आणि सांडपाण्यातले नायट्रोजन-फॉस्फरस मिळाले की जलपर्णी साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. ती उपशाच्या जाळ्या बुजवते आणि पाण्याखाली अंधार करते. फुलोऱ्याआधी यंत्राने ओढणे उत्तम, कारण बी गाळात वर्षानुवर्षे तग धरते. ओढलेला ढीग काठावरच सोडला तर पहिल्या पुरात तो पुन्हा पात्रात येतो. तणनाशक फवारून मेलेली वनस्पती तळाशी कुजत उरलासुरला ऑक्सिजनही खाते. पिण्याच्या उपशाच्या वर हा उपाय टाळलेलाच बरा.

पूररेषा. जलसंपदा विभाग २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांच्या पुराची लाल रेषा आखतो. निळीच्या आतले क्षेत्र निषिद्ध, दोहोंमधले नियंत्रित. वांगणीजवळ जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली तो याच नदीचा पूर. भराव पडला की पुराची जागा आक्रसते आणि काठची झाडोऱ्याची पट्टी जाते. शेतांवरून, वीटभट्ट्यांवरून वाहून येणारा गाळ तीच पट्टी गाळत असते. भरावाची पाहणी डिसेंबर ते मे दरम्यान करावी, कारण डंपर याच काळात काठापर्यंत उतरतात.