लाफायेत : परागंदा, फितूर की एमिग्रे?

फ्रेंच सरदार मार्किस द लाफायेत म्हटले की अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातली ब्रँडीवाइनची जखम, यॉर्कटाउनचा वेढा आणि वॉशिंग्टनने त्याच्यावर केलेली पुत्रवत माया डोळ्यांपुढे येते. ते पुष्कळांना ठाऊक आहे. १७५७ मध्ये ओव्हेर्न्य प्रांतातल्या शाव्हान्याकच्या गढीत जन्म, दोन वर्षांचा होण्याआधीच वडील मिंडेनच्या लढाईत पडले, सोळाव्या वर्षी दरबारी घराण्यात लग्न, आणि एकोणिसाव्या वर्षी राजाची मनाई झुगारून स्वतःच्या पैशाने घेतलेल्या जहाजातून अटलांटिकपार. इतके पुरे. त्याच्या नावाला चिकटलेला खरा वाद १९ ऑगस्ट १७९२ चा आहे. त्या दिवशी फ्रान्सच्या एका फौजेचा हा सेनापती सरहद्द ओलांडून गेला.

तीन वर्षांपूर्वी, फ्रेंच राज्यक्रांतीच्या सुरुवातीला, मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा त्यानेच मांडला होता. पॅरिसच्या नॅशनल गार्डचा, म्हणजे नागरिकांच्या सशस्त्र दलाचा, तो प्रमुख होता. मात्र जुलै १७९१ मध्ये शाँ द मार्सच्या मैदानावर जमलेल्या लोकांवर त्याच्या शिपायांनी गोळ्या झाडल्या आणि पॅरिसचा त्याच्यावरचा विश्वास उडाला. तो डाग पुसता येत नाही. पुढच्या वर्षी १० ऑगस्टला राजवाडा पडला, राजा कैद झाला. लाफायेतने राज्यघटनेशी घेतलेली शपथ धरून ठेवली, विधानसभेने पाठवलेल्या प्रतिनिधींना सदाँ येथे अटकेत टाकवले आणि फौजेला राजधानीकडे वळवू पाहिले. फौज वळली नाही. विधानसभेने त्याला देशद्रोही ठरवले. मागे गिलोटिन, पुढे फ्रान्सशी युद्धात असलेल्या ऑस्ट्रियाच्या छावण्या, अशा कात्रीत तो काही अधिकाऱ्यांसह निघाला.

इथे ‘एमिग्रे’ हा शब्द आडवा येतो. त्याचा सरळ अर्थ देशांतर केलेला. पण त्या काळच्या फ्रेंच कायद्यात तो गुन्हेगाराचा शिक्का होता: राजाच्या बाजूने परदेशी गेलेले सरदार, ज्यांची मालमत्ता जप्त व्हायची. लाफायेतने रोशफोर गावी ऑस्ट्रियनांच्या हाती लागताच लेखी कळवले की आम्ही फौजेची चाकरी सोडली आहे, आम्हाला शत्रूचे सैनिक समजू नका आणि तुमच्याकडे आलेल्या आमच्या देशबांधवांतही मोजू नका. तटस्थ मुलखात जाऊ द्या. ऑस्ट्रियनांनी ऐकले नाही. त्यांच्या लेखी तो क्रांतीचा म्होरक्या होता. म्हणजे पॅरिसला तो राजनिष्ठ फितूर आणि व्हिएन्नाला राजद्रोही. आपल्याकडचा ‘परागंदा’ हा शब्द त्याला जास्त न्याय देतो, असे मला वाटते. शत्रूला सामील व्हायला निघालेला माणूस शत्रूच्या तुरुंगात पाच वर्षे काढत नाही.

ती पाच वर्षे वेझेल, माग्देबुर्ग, नाइसं आणि शेवटी ओल्म्यूत्स इथे गेली. त्याची पत्नी आड्रिएन हिची आजी, आई आणि बहीण १७९४ च्या जुलैत एकाच दिवशी गिलोटिनखाली गेल्या. ती स्वतः वाचली आणि १७९५ मध्ये दोन मुलींना घेऊन आपणहून नवऱ्याच्या कोठडीत राहायला गेली. त्या निर्णयाबद्दल इतिहासकार दोन ओळी लिहून पुढे जातात, याची खंत वाटते. १७९७ मध्ये सुटका झाली. एमिग्रेंच्या यादीतून त्याचे नाव १८०० मध्ये निघाले. पण १८२५ च्या कायद्याने जप्त जमिनींची भरपाई एमिग्रेंना मिळाली, तेव्हा त्याने नाकारलेल्या त्याच शब्दाखाली त्यालाही पैसे मिळाले.

महाराष्ट्राशी त्याचा एक धागा आहे. महात्मा फुल्यांवर खोल परिणाम करणाऱ्या टॉमस पेनच्या ‘राइट्स ऑफ मॅन’चा दुसरा भाग लाफायेतलाच अर्पण केलेला आहे, तोही १७९२ च्याच सुरुवातीला.

१८३० मध्ये बहात्तर वर्षांच्या लाफायेतने पॅरिसच्या नगरभवनाच्या सज्जात नव्या राजाला, लुई फिलिपला, तिरंगी निशाणासह मिठी मारली. प्रजासत्ताकवाद्यांनी तेही त्याला कधी माफ केले नाही. २००७ मध्ये त्याचे अवशेष पँथेऑनमध्ये, फ्रान्सच्या थोरांच्या राष्ट्रीय समाधिस्थळात, न्यावेत अशी मागणी झाली, तेव्हा विरोधकांनी पुन्हा १७९२ चाच ऑगस्ट काढला. तो अजून पॅरिसमधल्या पिकप्यूच्या दफनभूमीतच आहे, आड्रिएनच्या शेजारी, अमेरिकेतल्या बंकर हिलवरून आणलेल्या मातीखाली. तिची आई, आजी आणि बहीण ज्या सामुदायिक खड्ड्यात आहेत, तो तिथेच भिंतीपलीकडे आहे.