वजनाचा काटा थांबतो तेव्हा शरीर काय करत असते

वजन कमी करायला निघालेल्या जवळजवळ प्रत्येकाला एक हिशेब कुठून तरी मिळालेला असतो: 1 किलो चरबीत सुमारे 7700 किलोकॅलरी असतात, तेव्हा रोज 500 किलोकॅलरी कमी घेतल्या की पंधरवड्यात जवळपास 1 किलो उतरलेच पाहिजे. न्यूयॉर्कचे डॉक्टर मॅक्स विश्नॉफ्स्की यांनी 1958 साली मांडलेल्या गणितातून हा हिशेब रूढ झाला आणि चरबीत किती ऊर्जा साठते एवढ्यापुरता तो बरोबरही आहे. चूक आहे ती तोच हिशेब महिनोन्‌महिने पुढे ओढण्यात. या गणिताने वर्षाला 24 किलो वजन घटायला हवे. प्रत्यक्षात चार-सहा महिने नेटाने पथ्य आणि व्यायाम करणाऱ्यांचा काटा एका आकड्यापाशी येऊन थांबतो आणि ‘तुम्ही नक्कीच काहीतरी चोरून खात असाल’ हा शेरा त्यांना ऐकावा लागतो. हा शेरा अन्यायकारक आहे, कारण त्यामागे शरीराला एखाद्या स्थिर टाकीसारखे मानणे आहे.

पहिल्या दोन आठवड्यांतील झपाट्याची घट बरीचशी पाण्याची असते. यकृत आणि स्नायूंत साठवलेल्या ग्लायकोजेनच्या (साखरेच्या राखीव साठ्याच्या) प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे 3 ग्रॅम पाणी असते आणि आहार कमी होताच हा साठा आधी वापरला जातो. त्यानंतर वेग मंदावतो, तो अपयश म्हणून नव्हे. पुढे देह लहान होतो तसा त्याचा खर्चही घटतो. 80 किलोचे शरीर जिना चढवायला जेवढी ऊर्जा लागते तेवढी 72 किलोच्या शरीराला लागत नाही. इथपर्यंतचे शालेय पदार्थविज्ञानाने समजते. खरे विलक्षण आहे ते यापुढचे.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात रुडॉल्फ लायबेल, मायकेल रोझेनबाम आणि ज्यूल्स हिर्श यांनी स्वयंसेवकांना विद्यापीठाच्या रुग्णालयातच ठेवून, मोजूनमापून दिलेल्या द्रव आहारावर त्यांचे वजन 10 टक्क्यांनी कमी केले आणि तिथे स्थिर ठेवले. 1995 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात त्यांचा दिवसभराचा ऊर्जाखर्च चरबीविरहित देहाच्या दर किलोमागे रोज 6 ते 8 किलोकॅलरींनी घटलेला आढळला. ज्याचा चरबीविरहित देह 50 किलोचा आहे, त्याच्या बाबतीत ही घट रोज 300 ते 400 किलोकॅलरी होते, आणि केवळ देह लहान झाल्यामुळे अपेक्षित असलेल्या घटीपेक्षा ती जास्त होती. शरीर नुसते आकसले नव्हते, तर काटकसरी झाले होते.

ही काटकसर कुठे होते? मोठा वाटा स्नायूंचा आहे. त्याच गटाने पुढे सायकलचे पॅडल मारायला लावून मोजले, तेव्हा अगदी हलक्या श्रमात वजन घटलेल्या माणसाच्या स्नायूंची कार्यक्षमता सुमारे 20 टक्क्यांनी वाढलेली दिसली. स्नायूतंतू आखडतो तो मायोसिन नावाच्या प्रथिनाच्या सूक्ष्म वल्ह्यांनी. प्रत्येक वल्हे मारताना एटीपीचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रसायनाचा, एक रेणू खर्च होतो. मायोसिनचे वेगवान प्रकार हा खर्च उधळपट्टीने करतात, मंद प्रकार जपून करतात, आणि वजन घटल्यावर स्नायू मंद प्रकाराकडे झुकतो. तोच रस्ता, तीच चाल, तेवढाच वेळ. पण फेरफटक्याची किंमत कमी झालेली असते.

हा आदेश देणारा निरोप्या म्हणजे लेप्टिन. जेफ्री फ्रीडमन यांनी 1994 साली याच विद्यापीठात शोधलेले हे संप्रेरक चरबीच्या पेशी रक्तात सोडतात आणि शिल्लक किती आहे हे ते मेंदूतील हायपोथॅलॅमसला कळवते. चरबी घटली की लेप्टिन घटते. मग हायपोथॅलॅमस थायरॉईडची सक्रिय संप्रेरके आणि अनुकंपी चेतासंस्थेचा (शरीराला तत्पर ठेवणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्याचा) जोर उतरवतो. वजन घटवलेल्या व्यक्तींना लेप्टिनची इंजेक्शने देऊन त्यांची पातळी पूर्ववत केली, तेव्हा थायरॉईड, चेतासंस्था आणि स्नायूंची कार्यक्षमता ही तिन्ही मापे जुन्या जागेकडे परतली. मात्र मुळातच ज्यांचे वजन जास्त आहे अशा बहुतेकांच्या रक्तात लेप्टिन भरपूर असते आणि बाहेरून दिलेल्या लेप्टिनने त्यांना विशेष फायदा झाला नाही. ही यंत्रणा सुबत्ता ओळखण्यापेक्षा दुष्काळ ओळखण्यासाठी घडलेली आहे.

तरीही केवळ खर्चाच्या घटीने काटा सहा महिन्यांत थांबत नाही. अमेरिकेतील संशोधक केविन हॉल यांच्या गणिती प्रारूपानुसार आहारातील कायमची कपात पूर्ण परिणाम दाखवायला सुमारे 3 वर्षे घेते आणि त्यातला निम्मा परिणाम पहिल्या वर्षात दिसतो. मग काटा इतक्या लवकर का अडतो? उत्तर भुकेत आहे. मधुमेहाच्या एका औषधामुळे रोज सुमारे 360 किलोकॅलरींची साखर लघवीवाटे निघून जाते आणि रुग्णाला ते जाणवत नाही. अशा रुग्णांच्या नोंदींवरून हॉल आणि सहकाऱ्यांनी 2016 साली काढलेला निष्कर्ष असा, की घटलेल्या प्रत्येक किलोमागे ऊर्जाखर्च रोज 20 ते 30 किलोकॅलरींनी कमी होतो, पण भूक रोज सुमारे 100 किलोकॅलरींनी वाढते. 6 किलो उतरवलेला माणूस रोज 600 किलोकॅलरींच्या ओढीशी झगडत असतो. भाजीला अर्धा चमचा जास्त तेल, अर्धी पोळी अधिक, मुलांच्या ताटातला उरलेला घास यांतून ती ओढ आपले काम करते. हे चोरून खाणे नव्हे. खाणाऱ्याला त्याचा पत्ताच नसतो.

म्हणूनच ‘चयापचय वाढवणारी’ चूर्णे, कोमट पाण्यातले लिंबू-मध आणि घाम काढणारे पट्टे यांच्या जाहिराती पाहून राग येतो. पट्ट्याने निघते ते पाणी, ते एका तांब्याने परत येते. आणि मोठा चमचाभर मधातही सुमारे 60 किलोकॅलरी असतातच. याउलट काटा बरेच दिवस अडला असेल आणि थकवा, बद्धकोष्ठता, थंडी सोसवत नसणे अशी लक्षणेही असतील, तर थायरॉईडची साधी रक्ततपासणी करून घेणे उपयोगाचे ठरते. स्टिरॉईड, इन्सुलिन आणि मनोविकारांवरची काही औषधेही वजन धरून ठेवतात. ती मनाने बंद न करता डॉक्टरांशी बोलावे.

आपल्याकडच्या वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचाही देहवस्तुमान निर्देशांक (बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन) 22.3 होता, पण शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात 9.1 टक्के, तर याज्ञिक यांच्यात 21.2 टक्के होते. 2004 साली त्यांनी हे स्वतःच्या छायाचित्रासह प्रसिद्ध केले. भारतीयांच्या देहात स्नायूंचा वाटा आधीच बेताचा असतो, आणि उपासमारीच्या आहारात चरबीबरोबर स्नायूही जातात. त्यामुळे काटा अडल्यावर जेवण आणखी तोडण्यापेक्षा डाळी, दही, अंडी यांतून प्रथिने पुरेशी घेणे, आठवड्यातून दोन-तीनदा वजने उचलण्याचा व्यायाम करणे आणि काट्याइतकाच कमरेवरच्या टेपवर विश्वास ठेवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. स्नायूंची काटकसर सर्वांत ठळक दिसते ती हलक्या हालचालीत. श्रमाचा जोर वाढवला की तो फरक कमी होतो.