सिम-लीगमधील फुटबॉलपटूचे मनोगत

संगणकावर सदृशीकरणाने खेळवल्या जाणाऱ्या फुटबॉल लीगमध्ये सभासदाने आपण घडवलेल्या खेळाडूच्या तोंडून बाद फेरी, विजेतेपद किंवा निवृत्ती यांविषयी केलेले प्रथमपुरुषी लेखन. ‘सदृशीकरण’ हा परिभाषेतला शब्द; खेळणारे नुसते ‘सिम’ म्हणतात. या नोंदीत फुटबॉल म्हणजे मुख्यत्वे अमेरिकन फुटबॉल : अकरा-अकरा खेळाडू, हाताने फेकायचा लांबट चेंडू, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकण्याची अट. नाशिककराच्या डोळ्यांसमोर फुटबॉल म्हटल्यावर पावसाळी मैदानातला चिखल आणि पायाने मारायचा गोल चेंडू येतो, म्हणून हा खुलासा आधीच केलेला बरा. त्या खेळाच्याही सिम-लीगा आहेत आणि तेथील मनोगतांची घडण फारशी वेगळी नसते.

स्वरूप : सभासद एक खेळाडू घडवतो. त्याला नाव, जन्मगाव, उंची, वजन आणि मैदानातील जागा देतो. वेग, ताकद, पकड, दमसास अशा प्रत्येक अंगाला आकडा असतो. ठरावीक कामे करून सभासद गुण कमावतो आणि ते या आकड्यांत घालतो. खेळाडूंची निवड संघ पाळीपाळीने करतात, आणि सामना संगणकाचा आज्ञासंच खेळवतो. सामना चालू असताना सभासदाच्या हाती काहीच नसते. अनेक लीगांत हंगाम काही आठवड्यांत संपतो. २०१७ च्या सुमारास सुरू झालेली नॅशनल सिम्युलेशन फुटबॉल लीग (पुढे ‘इंटरनॅशनल’) हे या प्रकाराचे परिचित उदाहरण. तिच्या विजेतेपदाला ‘अल्टिमस’ म्हणतात. काही लीगांत लेखनाबद्दल लुटुपुटीचे चलन मिळते आणि त्यातून खेळाडूचा सराव विकत घेता येतो. मनोगताची प्रथा वाढण्यामागे हे एक व्यावहारिक कारण आहे, पण तेवढ्याने ती समजत नाही. मोबदला मिळण्याच्या कितीतरी पुढे जाऊन लिहिलेली मनोगते आढळतात.

उगम : याबाबत एकमत नाही. एक मत या लीगांचा धागा ‘फँटसी’ खेळाशी जोडते. १९६२ मध्ये ओकलंड संघाशी संबंधित बिल विंकेनबाख यांनी सहकाऱ्यांसह फँटसी फुटबॉलचे नियम बांधले आणि पुढच्या वर्षी त्यांची पहिली लीग खेळली गेली. बेसबॉलमध्ये १९८० साली डॅनियल ओक्रेंट यांच्या मित्रमंडळाने असाच प्रकार रूढ केला. परंतु फँटसीत खेळतात ते खरे खेळाडू. सभासद त्यांच्या कामगिरीची बेरीज करतो. दुखापत त्यांची, निवृत्तीही त्यांचीच. म्हणून या मतावर मनोगताचा उलगडा होत नाही.

दुसरे मत टेबलावरच्या फाशांच्या खेळांकडे बोट दाखवते. १९५१ मध्ये बाजारात आलेला ‘ॲप्बा’ आणि १९६१ मध्ये हॅल रिचमन यांनी आणलेला ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ हे दोन्ही मुळात बेसबॉलचे. प्रत्येक खेळाडूचे एक पत्ताकार्ड, त्यावर त्याच्या खऱ्या आकडेवारीवरून बसवलेले तक्ते, आणि फासे टाकून निकाल. स्ट्रॅट-ओ-मॅटिकचे फुटबॉल १९६८ चे. संगणकावर हेच काम पुढे केव्हिन टॉम्स यांच्या १९८२ च्या ‘फुटबॉल मॅनेजर’ने (पायाने खेळायच्या फुटबॉलसाठी) आणि जिम गिंडिन यांच्या १९९८ च्या ‘फ्रंट ऑफिस फुटबॉल’ने (अमेरिकन फुटबॉलसाठी) केले. खेळाडूचे वय वाढणे, आकडे उतरणे आणि तो निवृत्त होणे ही चौकट संगणकावरील व्यवस्थापन-खेळांतूनच सिम-लीगांत आली असावी.

तिसरे मत भूमिका-खेळांचे. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या १९७४ च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये माणूस एक पात्र घडवतो, त्याच्या अंगांना आकडे देतो, अनुभवाचे गुण मिळवून ते वाढवतो आणि त्याच्याच तोंडून बोलतो. खेळ चालवण्याचे यंत्र टेबलावरच्या खेळांतून व खेळाडूचा ‘मी’ भूमिका-खेळांतून आला, असे मानणे प्रस्तुत लेखकाला अधिक सयुक्तिक वाटते. अर्थात लिहिण्याची ओढ या दोहोंपेक्षा जुनी आहे. अमेरिकन लेखक जॅक केरूॲक यांनी पोरवयात काल्पनिक संघ व काल्पनिक खेळाडूंची बेसबॉल लीग पत्त्यांवर रचली, तिची आकडेवारी आणि बातमीपत्रे स्वतः लिहिली आणि मोठेपणीही ती सोडली नाही.

येथे एका भारतीय दाखल्याचा विचार करणे अवश्य आहे. ऋग्वेदातील अक्षसूक्त (१०.३४) हे फाशांच्या निकालावरचे प्रथमपुरुषी मनोगतच आहे : हरलेला जुगारी स्वतःची कथा सांगतो, आता खेळणार नाही म्हणतो आणि फाशांचा आवाज ऐकून पुन्हा निघतो. दहावे मंडल उत्तरकालीन मानले जाते. सूक्ताचा काळ सामान्यतः इ. स. पू. १२०० ते १००० च्या आसपास धरतात, परंतु त्याबाबत मतभेद आहेत. तेथले अक्ष म्हणजे बेहड्याची फळे. त्यांच्या समूहासाठी आलेला ‘त्रिपञ्चाशः’ हा शब्द काही जण ५३ असा लावतात, तर काही तीन वेळा पन्नास म्हणजे १५० असा. दुसरा अर्थ खेळाच्या रीतीशी अधिक जुळतो. मूठभर फळे उचलायची, चाराने भागायचे आणि बाकी पाहायची, अशी ती रीत असावी असे अभ्यासकांचे अनुमान आहे. निःशेष भाग गेला तर ‘कृत’, तीन उरले तर ‘त्रेता’, दोन उरले तर ‘द्वापर’, एक उरला तर ‘कलि’.

बाकी पाहून नशीब ठरवण्याची ही युक्ती नाशिकच्या कोणत्याही शाळेच्या शेवटच्या बाकावर पुन्हा भेटते. पुस्तक-क्रिकेटमध्ये पाठ्यपुस्तक झटक्यात उघडायचे आणि डाव्या पानाच्या क्रमांकाचा शेवटचा अंक म्हणजे धावा. शून्य आले की गडी बाद. पृष्ठांकाचा शेवटचा अंक म्हणजे त्याला दहाने भागून उरलेली बाकीच. डावे पान नेहमी समक्रमांकाचे असल्यामुळे ०, २, ४, ६, ८ एवढेच शक्य. पुस्तक कोठेही सारख्याच सहजतेने उघडते असे धरले, तर बाद होण्याची शक्यता पाचात एक. गडी सरासरी चार फटके मारतो, फटक्याला सरासरी पाच धावा, म्हणजे गड्यामागे २० धावा. ८ आल्यास एकच धाव धरण्याचा नियम काही ठिकाणी असतो. मग ही सरासरी १३ वर येते. प्रत्यक्षात शिवण सैल झालेले पुस्तक त्याच त्या पानांवर उघडते, आणि मुलांना ते बरोबर ठाऊक असते. वहीच्या मागच्या पानावर भारताचा संघ, धावफलक, कधी एखाद्या गड्याचा ‘शेवटचा सामना’ असे सगळे लिहिणाऱ्या मुलाने सिम-लीगचा निम्मा भाग आधीच शोधलेला असतो.

संगणकही जुन्या पद्धतीत बाकीच काढतो. डी. एच. लेहमर यांनी १९४९ मध्ये मांडलेल्या रीतीत आधीच्या संख्येला एका ठरावीक संख्येने गुणायचे, मोठ्या संख्येने भागायचे आणि बाकी ही पुढची ‘यादृच्छिक’ संख्या समजायची. नंतरच्या रीती अधिक गुंतागुंतीच्या आहेत. या तिन्हींत वंशसंबंध आहे असे म्हणण्यास आधार नाही. युक्ती स्वतंत्रपणे सुचण्याइतकी सोपी आहे. एक फरक मात्र महत्त्वाचा. संगणकाच्या संख्यामालेला आरंभीचे ‘बीज’ असते. तेच बीज आणि तीच माहिती दिली तर सामना चेंडूगणिक तसाच होतो, बीज बदलले तर निकाल उलटू शकतो. यामुळेच एकदा चालवलेला सामना पुन्हा चालवायचा नाही, हा दंडक महत्त्वाचा ठरतो.

गोल चेंडूच्या फुटबॉलमध्ये गोलसंख्या प्वासाँ वितरणाला (विरळ घटना किती वेळा घडतील हे सांगणाऱ्या गणिती नमुन्याला) बऱ्यापैकी मानते. एम. जे. माहेर (१९८२) आणि डिक्सन व कोल्स (१९९७) यांचे शोधनिबंध या विषयात पायाभूत मानले जातात. अमेरिकन फुटबॉलमध्ये गुण एकेकाने न वाढता मुख्यतः तीन, सहा-सातच्या गठ्ठ्यांनी वाढतात. त्यामुळे तेथे थेट गुणसंख्या न काढता एकेक चाल खेळवणे सोयीचे पडते : हा फेकला, त्याने पकडला की सुटला, किती यार्ड. या पद्धतीमुळे मनोगतात सांगण्याजोगे क्षण निर्माण होतात. तिसऱ्या प्रयत्नात सुटलेला झेल नोंदवहीत नावासकट राहतो.

बाद फेरी : अमेरिकेतील नॅशनल फुटबॉल लीगमध्ये १९३२ साली बरोबरी सोडवण्यासाठी जादा सामना खेळवला गेला आणि १९३३ पासून विजेतेपदाचा सामना नियमित झाला; पहिला सुपर बोल (विजेतेपदाच्या सामन्याचे आजचे रूप) १५ जानेवारी १९६७ चा. २०२० च्या हंगामापासून १४ संघ बाद फेरीत जातात. प्रत्येक फेरीत एकच सामना, हरला तो घरी. सिम-लीगांनी ही चाल उचलली आणि तिच्याबरोबर तिची क्रूरताही. एखाद्या संघाची प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता ६० टक्के असली, तर सलग तीन सामने जिंकण्याची ०.६ × ०.६ × ०.६, म्हणजे सुमारे २२ टक्के होते. चार जिंकायचे असतील तर १३ टक्के. हीच लढत सातांपैकी चार जिंकण्याच्या मालिकेने झाली असती, तर एका फेरीत ७१ टक्के आणि तीन फेऱ्यांत सुमारे ३६ टक्के. असा बळकट संघ ओळीने आठ हंगाम बाद फेरीत गेला आणि दरवेळी त्याला तीनच सामने जिंकायचे असले, तरी एकही विजेतेपद न मिळण्याची शक्यता १४ टक्क्यांच्या घरात राहते.

मनोगतांतले दुःख या गणितातून येते आणि ते खोटे नाही. खऱ्या मैदानावर अमेरिकन फुटबॉलपटू डॅन मरिनो १७ हंगाम खेळला, एकदाच सुपर बोलपर्यंत गेला आणि तो हरला. बफेलो बिल्स हा संघ सलग चार सुपर बोल हरला. सभासदाने वर्षभर रोज थोडे थोडे करून घडवलेला खेळाडू उपांत्य फेरीत एका यार्डाने अडतो, तेव्हा ‘मी कमी पडलो’ हे वाक्य लिहिताना तो स्वतःच्या कष्टांविषयीच बोलत असतो. जाणकार सभासद अशा वेळी बीजाला दोष देत नाहीत. मित्रांची, प्रशिक्षकाची, चुकलेल्या डावपेचाची नावे घेतात. चांगल्या मनोगताची ही खूण मानावी.

विजेतेपद : विजेत्यांची मनोगते संख्येने पुष्कळ आणि बहुधा आखूड असतात. आभार, संघाची नावे, पुढच्या हंगामाची इच्छा. उशिरा मिळालेले विजेतेपद याला अपवाद. मराठी वाचकाला त्याची जात २ एप्रिल २०११ च्या वानखेडेवरून ओळखीची आहे. तेंडुलकरचा तो सहावा विश्वचषक होता.

निवृत्ती : ठरावीक हंगामांनंतर खेळाडूच्या आकड्यांत दर हंगामाला कपात होते आणि कपातीचे प्रमाण वाढत जाते. उदाहरणार्थ, १,००० गुणांच्या खेळाडूची ओळीने १५, २०, २५ आणि ३० टक्के कपात झाली, तर तो ८५०, ६८०, ५१० आणि ३५७ वर येतो. सभासद मेहनत करून उतार लांबवू शकतो, थांबवू शकत नाही. म्हणून केव्हा थांबायचे हा खरा निर्णय त्याच्या हाती येतो. सामना त्याच्या हातात नसतो, पण शेवट असतो. निवृत्तीची मनोगते सर्वांत लांब आणि सर्वांत सकस असण्याचे कारण हेच असावे.

निरोपाच्या दोन तऱ्हा दिसतात. बॅरी सँडर्सने १९९९ मध्ये १५,२६९ यार्ड धावून झाल्यावर, हातापायांत बळ असतानाच, आपल्या गावच्या वृत्तपत्राला फॅक्स पाठवून खेळ सोडला. टॉम ब्रॅडी २०२२ मध्ये निवृत्त होऊन काही आठवड्यांत परतला आणि १ फेब्रुवारी २०२३ ला कायमचा थांबला. सिम-लीगांत दोन्ही घडते. मराठी लिहिणाऱ्याच्या कानात मात्र तेंडुलकरचे १६ नोव्हेंबर २०१३ चे वानखेडेवरील भाषण असते : वडिलांपासून सुरुवात, मग आई, भावंडे, पत्नी, गुरू, हातातली नावांची यादी. काल्पनिक खेळाडूच्या निरोपातही हाच क्रम आपसूक येतो.

नाशिक : खेळाडूच्या जन्मगावाच्या रकान्यात ‘नाशिक’ लिहिणाऱ्याला घड्याळाशी जुळवून घ्यावे लागते. सुपर बोल भारतात सोमवारी पहाटे पाचच्या सुमारास सुरू होतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्री नऊला चालवलेला सिम-सामना येथे सकाळी साडेसहा-साडेसातला येतो. सातपूर-अंबडच्या पहिल्या पाळीला निघणाऱ्याला निकाल वाटेत कळतो, आणि मनोगत लिहिले जाते ते त्या दिवशी रात्री. हंगाम दोन महिन्यांचा धरला, तर एका सिंहस्थापासून दुसऱ्या सिंहस्थापर्यंतच्या बारा वर्षांत ७२ हंगाम होतात. खेळाडू बारा हंगाम टिकतो असे मानल्यास सहा पिढ्या.

पिढ्या हा शब्द येथे शब्दशः घ्यावा. निवृत्तीनंतर सभासद नवा खेळाडू घडवतो आणि पुष्कळदा त्याला जुन्याचा मुलगा, पुतण्या किंवा धाकटा भाऊ ठरवतो. रामकुंडावरच्या क्षेत्रोपाध्यांच्या वह्यांत आलेल्या यात्रेकरूचे नाव, गाव आणि सोबतची माणसे लिहिली जातात. पुढे त्याचा नातू आला की त्याच पानाखाली त्याची ओळ पडते. नव्या खेळाडूचे पहिले मनोगत असेच जुन्याच्या शेवटच्या मनोगताखाली सुरू होते : वडिलांचे नाव, त्यांचा संघ, त्यांना न मिळालेला चषक, आणि जन्मगाव नाशिक.