जाड्या कोण, रड्या कोण: लॉरेल-हार्डी आणि ॲबट-कॉस्टेलो

लॉरेल आणि हार्डी या विनोदी जोडीला मराठीत ‘जाड्या-रड्या’ हे नाव ज्या कुणी दिलं, त्याची नजर फार नेमकी होती. एक जाडा, एक बारीक असं कुणीही म्हटलं असतं. या माणसाने बारीकपणा सोडून दिला आणि रडणं पकडलं. ऑलिव्हर हार्डी जाडा. आणि स्टॅन लॉरेल? काही बिनसलं की डोक्यावरचे केस मुठीत धरून, चेहरा आक्रसून, बारीक आवाजात लहान पोरासारखा रडणारा.

आता हेच नाव बड ॲबट आणि लू कॉस्टेलो यांना लावून बघा. जुना अमेरिकन कृष्णधवल सिनेमा, हॅट घातलेले दोघं, एक सडपातळ आणि एक गोलमटोल. या दोन जोड्यांची गल्लत नेहमी होते, आणि ‘त्यांचा सगळ्यात भारी सिनेमा कुठला’ हा वाद रंगला की अर्धा वेळ आपण कुठल्या जोडीबद्दल बोलतोय हे ठरवण्यातच जातो. पण नाव लावायला गेलं की गाडी अडते, कारण इथे जाड्या आणि रड्या हा एकच माणूस आहे. घाबरतो कॉस्टेलो, भोकाड पसरतो कॉस्टेलो, थोबाडीत खातो तोही कॉस्टेलोच. मग उरलेला ॲबट कोण? तो चलाख. समोरच्याला गुंडाळणारा, अंगावरचं काम दुसऱ्यावर ढकलणारा, आणि फसलं की त्यालाच दरडावणारा.

दोन जोड्यांतला खरा फरक हाच आहे. ॲबट-कॉस्टेलोत एक शहाणा आणि एक भोळा. लॉरेल-हार्डीत शहाणा कुणीच नाही. दोघंही तितकेच बावळट, फक्त हार्डीला वाटतं की आपण शहाणे आहोत. टायच्या टोकाशी चाळा करत, करंगळी उंचावून, मोठ्या अदबीने तो ‘हे मी करतो, तू बाजूला हो’ म्हणतो आणि पुढच्या क्षणी चिखलात पडतो. मग तो सरळ कॅमेऱ्यात, म्हणजे आपल्याकडे, बघतो. ती नजर सांगत असते, ‘बघताय ना माझ्या नशिबाला काय आलंय.’ पडद्यामागे मात्र चित्र उलटं होतं. विनोद रचणारा, संकलनाला बसणारा लॉरेल होता. शूटिंग आटोपलं की हार्डी गोल्फ खेळायला जाई.

दोन्ही जोड्या आल्या तेही वेगवेगळ्या रस्त्यांनी. लॉरेल-हार्डीची जोडी 1927 च्या सुमारास निर्माता हॅल रोचच्या स्टुडिओत जमली, मूकपटांच्या काळात. त्यामुळे त्यांचा विनोद शरीराचा आणि संथ. पुढे काय होणार ते आपल्याला आधीच दिसतं, आणि ते होईपर्यंत वाट बघण्यातच खरी गंमत असते. ॲबट-कॉस्टेलो बर्लेस्कच्या, म्हणजे विनोदी प्रवेश आणि नाचगाण्यांच्या अमेरिकन तमाशाच्या, रंगमंचावरून आले. तिथे दोन नटांनी शब्दांचा मारा करायचा आणि प्रेक्षकाला श्वास घेऊ द्यायचा नाही, हा रिवाज. त्या धंद्यात हसवणाऱ्यापेक्षा त्याला वाक्य पुरवणाऱ्या, ताल सांभाळणाऱ्या गंभीर नटाची किंमत जास्त असे. सुरुवातीला शंभरातले साठ ॲबटला मिळत, चाळीस कॉस्टेलोला. पुढे तो हिशेब उलटा झाला. पण ॲबटला नुसता ‘दुसरा’ समजणाऱ्यांनी ‘हूज ऑन फर्स्ट’ हा त्यांचा गाजलेला प्रवेश पुन्हा एकदा फक्त ॲबटकडे बघत पाहावं. बेसबॉल संघात पहिल्या बेसवरच्या खेळाडूचं नाव ‘कोण’, दुसऱ्यावर ‘काय’, तिसऱ्यावर ‘माहीत नाही’. कॉस्टेलो विचारतो, पहिल्या बेसवर कोण आहे? ॲबट म्हणतो, हो. सगळा खेळ इतकाच. पण ॲबटचा तो शांत ‘हो’ अर्धा क्षण उशिरा आला तर इमारत कोसळेल.

वादात नेहमी एक चूक होते, ती इथेच सांगतो. हा प्रवेश म्हणजे ॲबट-कॉस्टेलोचं शिखर, हे मला मान्य. पण तो पूर्ण लांबीने ज्यात आहे तो ‘द नॉटी नाइन्टीज’ (1945) सिनेमा म्हणून बेताचा आहे. प्रवेश थोर म्हणून सिनेमा थोर होत नाही. तसंच लॉरेल-हार्डीचं ‘द म्युझिक बॉक्स’. सव्वाशेहून जास्त पायऱ्यांवरून पियानो वर चढवायचा, तो पुन्हा पुन्हा घरंगळत खाली यायचा, आणि शेवटी पोस्टमन सांगतो की मागून गाडीरस्ता आहे. तेव्हा हे दोघं काय करतात? पियानो परत खाली उतरवतात आणि रस्त्याने वर आणतात! 1932 च्या या सिनेमाला ऑस्कर मिळालं आणि ते योग्यच होतं. पण तो अर्ध्या तासाचा लघुपट आहे. पूर्ण लांबीच्या सिनेमांच्या शर्यतीत तो धरता येत नाही.

मग शर्यतीत उरतात दोन. लॉरेल-हार्डीचा ‘सन्स ऑफ द डेझर्ट’ (1933) आणि ‘ॲबट अँड कॉस्टेलो मीट फ्रँकेनस्टाइन’ (1948). (‘वे आउट वेस्ट’मधला लॉरेल-हार्डीचा नाच मला जिवापाड आवडतो, तरी पूर्ण सिनेमा म्हणून मी तो एक पायरी खाली ठेवीन.)

फ्रँकेनस्टाइनवाल्या सिनेमाची ताकद अशी की त्यातली भुतं विनोद करत नाहीत. बेला लुगोसी 1931 नंतर प्रथमच पूर्ण लांबीच्या सिनेमात ड्रॅक्युला झाला आणि तो तसाच भारदस्त राहिला. लॉन चेनी ज्युनिअरचा लांडगा-माणूस खराखुरा दुःखी आहे. ड्रॅक्युलाला फ्रँकेनस्टाइनच्या राक्षसाच्या डोक्यात घालायला साधासुधा, आज्ञाधारक मेंदू हवाय आणि त्याने कॉस्टेलोचा पसंत केलाय. शवपेटीच्या झाकणावर मेणबत्ती ठेवलेली, झाकण आतून हळूच सरकतं, मेणबत्ती झाकणाबरोबर चालायला लागते. कॉस्टेलोला ओरडायचंय, पण घशातून नुसती हवा येते. ॲबट येईपर्यंत झाकण बंद. हा खेळ पुन्हा पुन्हा होतो. गंमत अशी की इथे भोळाच खरं बघतोय आणि शहाणा आंधळा आहे. चलाख-भोळ्याची जोडी इतकी सुंदर उलटवलेली मी दुसरीकडे पाहिली नाही.

तरीही माझं मत ‘सन्स ऑफ द डेझर्ट’ला. फ्रँकेनस्टाइनमधली निम्मी जादू युनिव्हर्सल स्टुडिओच्या भुतांची आहे. ‘सन्स’मध्ये भुतं नाहीत. दोन घरं आहेत, दोन बायका आहेत आणि एक थाप आहे. दोघांना शिकागोला ‘सन्स ऑफ द डेझर्ट’ या आपल्या मंडळाच्या अधिवेशनाला जायचंय, हार्डीची बायको नको म्हणते, म्हणून तो आजारी पडतो. लॉरेल डॉक्टर आणतो तो जनावरांचा. डॉक्टर होनोलुलूचा समुद्रप्रवास सांगतो, हार्डीच्या बायकोला बोट लागते, तेव्हा ती घरीच, आणि हे निघाले शिकागोला. इकडे होनोलुलूहून येणारी बोट वादळात बुडते. काळजीने खंगलेल्या बायका मन रमवायला सिनेमाला जातात आणि बातमीपटात आपापले नवरे अधिवेशनाच्या मिरवणुकीत नाचताना बघतात.

पण मला जीव लावणारा क्षण त्याच्या फार आधीचा आहे. हार्डीच्या दिवाणखान्यात शोभेची मेणाची फळं ठेवलीत. लॉरेल त्यातलं सफरचंद उचलतो आणि खायला लागतो. तोंडात मेण फिरतंय, त्याला ते जरा चिवट लागतंय, पण तो शांतपणे चावत राहतो. हार्डीची बायको हे बघून म्हणते की या आठवड्यात गेलेलं हे तिसरं सफरचंद. म्हणजे तो वरचेवर येऊन खातोय! एका वाक्यात पडद्याबाहेरचा अख्खा आठवडा दिसतो. ॲबट-कॉस्टेलोंची नावं आणि कामंधंदे सिनेमागणिक बदलत. लॉरेल आणि हार्डी मात्र स्टॅन आणि ऑलीच राहिले. म्हणूनच ते सफरचंद असं लागू पडतं. सिनेमा सुरू नसतानाही हे दोघं कुठेतरी जगत असतात, यावर आपला विश्वास बसलेला असतो.

आणि मग शेवट. दोघं भिजून घरी आलेत, बायका समोर बसल्यात, खरं काय ते त्यांना माहीत आहे. हार्डी थाप आणखी फुगवत नेतो. लॉरेलची बायको त्याच्याकडे वळून विचारते, हे खरं आहे का? त्याची हनुवटी थरथरते, चेहरा आक्रसतो, आणि रड्या रडायला लागतो. सगळं कबूल करतो. पुढच्या दृश्यात लॉरेल आपल्या घरी सोफ्यावर आरामात बसून चॉकलेटं खातोय आणि शेजारच्या घरातून एकामागून एक भांडी फुटण्याचा आवाज येतोय.