सीएसआरची नोकरी की एनजीओची? दोन्ही एकच नाहीत

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) संपत आलेली मुलं असोत की आयटी सोडून सोशल सेक्टरकडे वळू बघणारे असोत, बरेच जण सीएसआर (कंपन्यांनी सामाजिक कामावर करायचा खर्च) आणि एनजीओ (स्वयंसेवी संस्था) एकच धरून चालतात. गाव, शाळा, बचत गट ही भाषा दोन्हीकडे सारखीच असते, पण रोजच्या कामात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सीएसआर म्हणजे सरळ कंपनीतली नोकरी. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे नेटवर्थ ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा नफा ५ कोटी, यातलं एक जरी गाठलं तरी कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. हे पैसे नीट जागी लागतायत का ते बघणं हे तुमचं काम. संस्थांची प्रपोजल वाचायची, सीएसआर-१ नंबर (सीएसआरचे पैसे घ्यायला लागणारी संस्थेची नोंदणी), १२ए, ८०जी (आयकर सवलतीच्या नोंदण्या) तपासायचं, कमिटीपुढे मांडायचं, मार्च जवळ आला की खर्चाचा हिशेब जुळवत बसायचं. गावात जाता, पण पाहुणे म्हणून.

एनजीओत तुम्ही पाहुणे नसता. बचत गटाची मीटिंग रात्री साडेसातला, कारण बायका शेतातून येऊन स्वयंपाक उरकून येणार, मग रजिस्टरवर सह्या-अंगठे, जिओटॅग फोटो, चहाच्या बिलाचं व्हाउचर, कारण उद्या युटिलायझेशन सर्टिफिकेटला (पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) हे सगळं लागणार आणि त्यात कुणाच्या घरी भांडण झालं तर तेही तुमच्याकडेच येतं.

पगारातला फरक फक्त आकड्याचा नाही. एनजीओत पगार बहुतेक वेळा प्रोजेक्टच्या बजेटमधून निघतो, ग्रँट संपली की पोस्ट संपते. परदेशी पैसा असेल तर २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरएत (परदेशी देणग्यांचा कायदा) प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली, त्यामुळे ऑफिसच्या पोस्टना आणखी कात्री. मला हे मनापासून खटकतं की फंडर पगाराचीच लाइन आधी कापायला सांगतात, अहो गावात जाऊन बसणारा माणूस हेच तर काम आहे ना!

दोन्ही करायचं असेल तर आधी दोन-तीन वर्षं एनजीओत काढा असं मी सांगेन. शाळेत टॉयलेट बांधलं पण पाण्याची सोय नाही म्हणून त्याला कुलूप, हे ज्यानं बघितलंय तो नंतर सीएसआरमध्ये बसून प्रपोजल वाचताना पहिला प्रश्न पाण्याचा विचारतो. उलटा प्रवास कठीण, कारण कंपनीच्या पगारावर होम लोन घेतलं की पाय निघत नाही.

आणि एनजीओच्या इंटरव्ह्यूला लाजू नका, स्पष्ट विचारा: माझा पगार कुठल्या ग्रँटमधून, ती कधी संपतेय, पीएफ कापता का, आणि फील्डच्या पेट्रोलचे पैसे किती दिवसांत मिळतात.