हेल्मेटच्या चलनावरून कॉलर धरण्यापर्यंत: राग एवढ्या पटकन चढतो कसा

मे महिन्यात दुपारी एक-दीडच्या सुमारास सोलापुरात सात रस्त्याला नाहीतर आसरा चौकात जरा वेळ थांबा, एखाद्या गाडीवाल्याची आणि ट्रॅफिक हवालदाराची जुंपलेली हमखास दिसेल. सुरुवात ठरलेली असते. "ए, गाडी बाजूला घे, चावी काढ." पोरगं म्हणतं, "चावी कशाला साहेब, नीट बोला की." मग "मला शिकवतो का तू?", मग "अरेतुरे करायचं काम नाही", मग शूटिंगसाठी मोबाईल बाहेर येतो, तो घ्यायला हवालदाराचा हात पुढे जातो, पोरगं हात झटकतं आणि झालं, साध्या चलनाचं प्रकरण सरकारी कामात अडथळा आणण्यावर जातं. आधी यासाठी भारतीय दंड संहितेचं कलम ३५३ लागायचं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ लागतं, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि तिकडे हवालदाराचा व्हिडिओ गावभर फिरतो, चौकशी लागते ती वेगळीच.

नंतर दोघांना वेगवेगळं बसवून विचारा, दोघंही एकच सांगतात, "तो जसा बोलला तसंच मी बोललो, जास्त काही नाही." ऐकणाऱ्याला वाटतं एक जण नक्की खोटं बोलतोय. पण मला वाटतं बऱ्याचदा दोघंही खरं बोलत असतात, कारण त्यांना खरंच तसंच जाणवलेलं असतं, आणि यावर एक फार भारी प्रयोग झालेला आहे.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या शास्त्रज्ञांनी २००३ साली माणसांच्या जोड्या बसवल्या. एका यंत्राने दोघांची बोटं जोडली, एकाने दुसऱ्याचं बोट दाबायचं, मग दुसऱ्याने त्याचं. सूचना एकच, तुला जेवढा दाब जाणवला बरोबर तेवढाच परत द्यायचा, आणि समोरच्याला काय सांगितलंय हे याला माहीत नाही. भांडण नाही, राग नाही, ओळखसुद्धा नाही. तरी प्रत्येक पाळीला जोर सरासरी ३८ टक्क्यांनी वाढत गेला. या हिशोबाने पाच पाळ्यांत मूळ जोराच्या पाचपट होतो! आणि दोघांनाही वाटतंय की आपण जेवढ्यास तेवढंच दिलं.

याचं कारण मेंदूच्या कामाच्या पद्धतीत आहे. आपण स्वतः हालचाल करतो तेव्हा तिचा परिणाम काय होणार याचा अंदाज मेंदू आधीच बांधून ठेवतो आणि ती जाणीव कमी करून टाकतो, म्हणून तर स्वतःला गुदगुल्या होत नाहीत. बाहेरून आलेला दाब मात्र पूर्ण जाणवतो. बोलण्यातही असंच, आपण बोलत असताना आपल्याच आवाजाला मेंदूतल्या ऐकण्याच्या भागाचा प्रतिसाद कमी असतो. म्हणजे चौकात दोघं एकाच पट्टीत ओरडत असले तरी प्रत्येकाला समोरचाच जास्त ओरडतोय असं वाटू शकतं. बोटांचा प्रयोग भांडणाला जशाचा तसा लावता येणार नाही हे खरं, पण "सुरुवात त्याने केली" हे वाक्य दोन्हीकडून इतकं मनापासून का येतं ते यातून बऱ्यापैकी कळतं.

आता यात सोलापूरचं ऊन घाला. अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात १९८० च्या दशकात संशोधकांनी सिग्नल हिरवा झाल्यावर एक गाडी मुद्दाम जागेवरून हलवायची नाही असं केलं आणि मागचे किती हॉर्न वाजवतात ते मोजलं. तापमान जसं वाढलं तसे हॉर्न वाढले, आणि काचा खाली असलेल्या म्हणजे बहुतेक बिनएसीच्या गाड्यांत तर जास्तच. आपल्याकडे पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर, दुचाकीवाला उन्हात, हवालदार सकाळपासून उन्हात आणि वर धूर.

झोपेचंही तसंच. २००७ च्या एका प्रयोगात जवळपास ३५ तास जागं ठेवलेल्या तरुणांना त्रासदायक चित्रं दाखवली, तर धोक्याची जाणीव करून देणारा मेंदूतला अमिग्डाला नावाचा भाग झोप झालेल्यांपेक्षा ६० टक्क्यांहून जास्त पेटला आणि त्याला आवर घालणाऱ्या पुढच्या भागाशी त्याचा संपर्कही ढिला पडला. आषाढीचा पंढरपूरचा बंदोबस्त, सोलापुरातली सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा, गणपती, या दिवसांत पोलिसांची झोप किती होते ते त्यांच्या घरच्यांना विचारा. हे काही उद्धट बोलण्याचं समर्थन नाही, पण ड्युटीचे तास हा लोकांच्या सुरक्षेचाही प्रश्न आहे असं मला ठामपणे वाटतं.

मग सगळं भांडण ठरतं कुठे? बऱ्याच अंशी पहिल्या वाक्यात. २०२३ साली अमेरिकेतला एक अभ्यास आला, पोलिसांच्या अंगावरच्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग तपासलेलं, गाडी अडवलेले चालक सगळे कृष्णवर्णीय. पोलिसाचे पहिले ४५ शब्द, म्हणजे जेमतेम अर्धा मिनिट, एवढ्यावरून पुढे झडती, बेड्या, अटकेपर्यंत जाणार का याचा अंदाज येत होता. सुरुवात हुकमाने झाली आणि का अडवलंय ते सांगितलंच नाही, अशा वेळी प्रकरण चिघळण्याची शक्यता बरीच जास्त. तिथला वर्णभेदाचा इतिहास वेगळा, पण कारण न सांगता हुकूम सोडणं आपल्याला चांगलंच ओळखीचं आहे.

उलटंही करून पाहिलंय. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये २००९-१० ला दारू तपासणीच्या ६० नाकाबंद्या घेतल्या. निम्म्या नेहमीसारख्या, उरलेल्यांत पोलिसांनी आधी सांगायचं की तुम्हाला मुद्दाम पकडलेलं नाही, तपासणी का करतोय, तुमचं काही म्हणणं आहे का, आणि शेवटी आभार. बोलायला एक-दीड मिनिट जास्त लागलं असेल, पण त्या चालकांचं पोलिसांबद्दलचं मत चांगलं झालं.

गाडीवाल्यांसाठी एक गोष्ट. अंगात अॅड्रेनालिन चढायला काही सेकंद पुरतात, उतरायला कितीतरी मिनिटं जातात, आणि "एकदा बोलून टाकलं की डोकं थंड होतं" हे प्रयोगांत खोटं ठरलंय, ज्याच्यावर राग आहे त्याला मनात आणून पंचिंग बॅगवर ठोसे मारणारे आणखी चिडलेले निघाले. चलन चुकीचं वाटलं तर नंतर ऑनलाइन तक्रार करता येते. भर उन्हात, भोवती बघ्यांची गर्दी जमलेली, मागे मित्र बसलेला, तिथे माघार घेणं दोघांनाही नाक कापल्यासारखं वाटतं, त्यामुळे चौकात निकाल लावायला जाऊच नये.

पण जबाबदारी सारखी वाटून देता येणार नाही. वर्दी, काठी आणि कलम एकाच बाजूला असतं, म्हणून पहिलं वाक्य सुधारायचं कामही त्याच बाजूचं. अमेरिकेतल्या लुईव्हिल शहरात २०१९ ला पोलिसांना वाद थंड करायचं ट्रेनिंग दिलं, समोरच्याशी अंतर ठेवणं, वेळ काढणं, बोलतं करणं, आणि त्याची खोट्या प्रसंगांवर प्रॅक्टिस. बळाचा वापर २८ टक्क्यांनी कमी झाला, नागरिकांच्या जखमा २६ टक्क्यांनी आणि पोलिसांच्या स्वतःच्या जखमा तर ३६ टक्क्यांनी घटल्या. असं ट्रेनिंग आपल्या ट्रॅफिक शाखेला उन्हाळ्याच्या आधी मिळायला हवं, वर्गात बसवून भाषण देऊन भागणार नाही, एकाने गाडीवाला व्हायचं, एकाने हवालदार, आणि "नमस्कार, हेल्मेट नाही म्हणून थांबवलंय" हे वाक्य तोंडात बसेपर्यंत करून घ्यायचं.