बेडका आणा, थुंकी नको : टीबीच्या मशीन टेस्टबद्दल

तुर्भ्यात आमची लॅब छोटीशी, दोन खोल्या आणि वर पोटमाळा, पण टीबीची मॉलिक्युलर टेस्ट, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणारी मशीनवरची टेस्ट, इथेच होते आणि काउंटरवर रोज तेच तेच प्रश्न येतात म्हणून हा कागद छापलाय, डबीसोबत घरी न्या आणि डबी भरायच्या आधी वाचा, भरून झाल्यावर नाही.

पहिली गोष्ट आमच्याच धंद्याच्या विरुद्ध सांगतो. ही टेस्ट सरकारी टीबी कार्यक्रमात फुकट होते, औषधंही फुकट. पैशाची ओढाताण असेल तर आधी जवळच्या पालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात विचारा, आम्हाला वाईट वाटणार नाही. ड्युटीमुळे जमत नसेल तर आहोतच आम्ही.

आता डबी. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला की डॉक्टर बेडका तपासायला सांगतात, आणि लोक काय करतात तर रिक्षात बसल्या बसल्या पचकन थुंकून डबी देतात, वर पांढरा फेस आणि खाली पाणी, कधी मिश्री, एकदा तर अख्खी सुपारी. मशीन लाखांचं असलं म्हणून थुंकीत टीबीचा जंतू कुठून आणणार ते? सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा, दोन-तीनदा खोल श्वास घ्या आणि छातीतून खोकून काढा, घट्ट, पिवळसर, चिकट असं जे येतं ते हवंय, साधारण अर्धा ते एक चमचा. हे घरात पोराबाळांसमोर नको आणि आमच्या बाकड्यावर तर अजिबात नको, गच्चीवर किंवा मोकळ्या जागेत जा. झाकण घट्ट लावून त्याच दिवशी आणा. फ्रिजमध्ये दुधाच्या पिशवीशेजारी ठेवू का असं एका काकूंनी विचारलं होतं, तर नको, सरळ इकडे घेऊन या.

मग आम्ही काय करतो? बेडक्यात औषध टाकून तो पातळ करतो, एक छोटं मशीन त्यातून जंतूचा डीएनए वेगळा काढतं, आणि त्यातला अगदी कणभर भाग, एका थेंबाहूनही कितीतरी कमी, चिमटीत धरता येईल अशा चिपवर सोडतो. तासाभरात कळतं टीबी आहे की नाही. निघाला तर त्याच डीएनएवर दुसरी चिप, रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल का ते बघायला, म्हणजे आणखी तासभर. याला ट्रूनॅट म्हणतात, गोव्यात बनतं, जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये मान्य केलं. सरकारी ठिकाणी सीबीनॅट म्हणतात ते मशीन वेगळं, त्याला मान्यता २०१० ची, तेही उत्तमच आहे पण त्याला एसी आणि न जाणारी लाईट लागते, आणि आमच्या गल्लीत शुक्रवारी मेंटेनन्सला लाईट गेली की पंखासुद्धा फिरत नाही. आमचं बॅटरीवर चालतं, म्हणून हे घेतलं.

जुनी स्लाईडची तपासणी स्वस्त आहे पण मायक्रोस्कोपखाली जंतू दिसायला एका मिलीलिटरमध्ये साधारण ५ ते १० हजार लागतात, या टेस्टला शे-दीडशे असले तरी बहुतेक वेळा सापडतात. माझ्या मामाची स्लाईड दोनदा निगेटिव्ह आली होती, मार्केटमध्ये गोणी उचलायचा, दोन महिने खोकल्याच्या बाटल्या पीत राहिला, आणि नंतर कल्चरला, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघतात त्या तपासणीत, टीबी निघाला. कल्चर सगळ्यात खात्रीचं पण निगेटिव्ह म्हणायला सहा आठवडे थांबावं लागतं, तोवर माणूस घरात खोकतच असतो.

रिपोर्टवर ‘डिटेक्टेड’ आलं तर टीबीचा जंतू सापडला, ‘रिफ रेझिस्टन्स’ आला, म्हणजे रिफाम्पिसिन लागू पडत नाही, तर घाबरून मेडिकलमधून काहीबाही घेऊ नका, पुढच्या टेस्ट सरकारी लॅबमध्ये होतात आणि औषधं बदलतात. ‘इनव्हॅलिड’ म्हणजे निगेटिव्ह नाही, टेस्टच झाली नाही, नवीन डबी द्या, त्याचे पैसे आम्ही पुन्हा घेत नाही. निगेटिव्ह आला आणि ताप, वजन उतरणं चालूच असेल तर डॉक्टरांकडे परत जा, कारण गाठीचा किंवा मणक्याचा टीबी बेडक्यात दिसेलच असं नाही, तिथलंच सॅम्पल लागतं. आणि आधी टीबी होऊन गेला असेल तर काउंटरवर नक्की सांगा. मेलेल्या जंतूंचाही डीएनए हे मशीन पकडतं, म्हणून बरं झालोय का बघायला ही टेस्ट करायची नसते, कितीही आग्रह केलात तरी आम्ही करणार नाही.

‘रक्तातूनच बघा ना, बेडका येत नाही’ असं खूप जण म्हणतात. रक्तातल्या अँटीबॉडीवरून टीबी सांगणाऱ्या टेस्टवर भारतात २०१२ पासून बंदी आहे. टीबी गोल्ड ही रक्ताची टेस्ट वेगळी, पण ती अंगात जंतू शिरलाय का तेवढंच सांगते, आजार झालाय का ते नाही. बेडका येतच नसेल तर तसं डॉक्टरांना सांगा, लहान मुलांचं तर पोटातलं पाणी किंवा शौचही तपासता येतं.

नाव गुप्त ठेवाल ना? घरमालक आणि कंपनीला आम्ही काही कळवत नाही. सरकारच्या निक्षय पोर्टलवर, म्हणजे टीबी पेशंटच्या ऑनलाइन नोंदवहीत, मात्र नोंद करावीच लागते, कायदा आहे तो, आणि तुमच्या फायद्याचाही आहे, कारण त्या नोंदीवरच उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी महिन्याला १००० रुपये बँकेत येतात. बँक पासबुकाची झेरॉक्स आणा.

डबी फुकट आहे, दोन न्या, पहिली बिघडली तर दुसरी हाताशी असू द्या.